चटईखाली दोघं

आमच्या बेटावरच्या वायतोलो गावात लांगिमालियेच्या चटईची चेष्टा न केलेली बाई शोधून सापडली नसती. विणकामाच्या घरात बायका जमल्या की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय गं लांगी, येशू परत यायच्या आधी पुरी होणार ना ही?" लांगी हसायची आणि पुढची पट्टी ओवायची. घाई करणं तिला जमतच नसे.

आणि हे काम घाईचं नव्हतंच. समुद्रकाठच्या केवड्याची पानं आणायची, उकळायची, सोलायची, खाऱ्या पाण्यात मुरवून उन्हात पांढरी करायची आणि मग नखानं चिरत चिरत दोऱ्याइतक्या बारीक पट्ट्या काढायच्या. अशी चटई बसायला नसते. ती लग्नात द्यायची, मयतावर पांघरायची, नाहीतर कुणाला घराण्याचं नाव आणि मानाचं पद मिळेल त्या दिवशी सगळ्या गावासमोर उलगडायची. लांगीची चटई पदासाठी होती. आई गेली तेव्हा तिच्या धाकट्या भावाचे, फिलेमोनीचे ऊर्फ मोनीचे, दुधाचे दातही पडले नव्हते. आईला पुरून आल्यावर लांगीनं पहिल्या पट्ट्या हातात घेतल्या. वडिलांचं पद एक दिवस मोनीकडे येईल, त्या दिवशी ही चटई उलगडायची, असं तिनं मनाशी धरलं. पुढे तिचं लग्न झालं, नवरा मासेमारीत गेला, ती पुन्हा माहेरी येऊन राहिली. चटई या सगळ्यात विणली जातच होती.

मोनी दिसायला देखणा आणि गळ्यानं गोड. रविवारी चर्चमध्ये त्याचा आवाज चढला की पाद्रीबाईंचे डोळे भरून यायचे. त्याच पाद्रीबाईंच्या कोंबड्या एका सोमवारी पाय मुरगळलेल्या सापडल्या. मोनीला विचारलं तर तो असा काही रडला की शेवटी बाईंनीच त्याला जवळ घेतलं आणि कोको पाजला. लांगी खांबाशी उभी राहून हे बघत होती. घरी येताना वाटेतच त्याचं रडणं संपलं आणि तो गाणं गुणगुणू लागला. पोरं खोड्या करतात, हे काय लांगीला सांगायला हवं? पण तिच्या लक्षात आलं ते वेगळंच होतं. मोनी काहीही करायच्या आधी समोरच्याचं तोंड निरखायचा आणि मग लागेल ते तोंड स्वतःला लावायचा. मार खाताना तो रडत नसे. बघायला कुणी असलं की रडायचा.

मिसरूड फुटायच्या आत तो घरी आंबवलेल्या दारूला लागला. गावातली निम्मी पोरं लागतात. बाकीची चढली की गातात, भांडतात, ओकतात, सकाळी तोंड लपवून शेतात जातात. मोनी चढली की माणसं शोधायला निघायचा. पुढे आपिया शहराच्या बंदरात हमालीला गेला आणि परत आला तो आइस नावाची स्फटिकांची नशा ओढायला शिकून. त्या स्फटिकांनी त्याची झोप गेली, भूक गेली आणि हात उगारायच्या आधी जी एक घडी तो थांबायचा तीही गेली.

असं का झालं, यावर गावानं यथेच्छ तोंडसुख घेतलं. पाद्रीसाहेब म्हणाले, बाटलीतला सैतान. तुसांगाकाका, म्हणजे वडिलांच्या मागे घराण्याचे प्रमुख झालेले, म्हणाले की मुलाच्या आईकडचं रक्तच तसलं. म्हाताऱ्या म्हणाल्या, पोटात असताना आईनं संध्याकाळी केस मोकळे सोडले होते, भुतानं धरलं. प्रत्येकाकडे कारण तयार होतं आणि कुणाच्याच कारणात स्वतःचा काही दोष नव्हता.

लांगीनं विचारलं ते नर्स मातालेनाला. ही आपियाहून बोटीनं येऊन मनाचे आजार बघायची. चर्चच्या ओसरीवर बसायची, पायांत रबरी चपला, समोर खोबऱ्याच्या बनपावाची पिशवी. लांगीनं तिला सरळ विचारलं की दारूनं हा असा झाला की हा असा होता म्हणून दारूला लागला?

मातालेनानं लहानपणचं सगळं खोदून विचारलं. कोंबड्यांचं ऐकताना तिचा पाव हातातच राहिला. मग म्हणाली, "ताई, अशी माणसं असतात. दुसऱ्याचं दुखणं त्यांना समजतं, पण लागत नाही. सगळीच व्यसनी होतात असं नाही. पण झाली की दोन्ही दुखणी एकमेकांना पोसतात. आधी कुठलं आलं याचा हिशेब करत बसलात तर आयुष्य जाईल."

"मग औषध?"

"नशा सोडवता येते, वेळ लागतो. तेवढी सुटली तरी हात उचलायच्या आधी तो थांबू शकेल. कुणाकुणाचं वागणं बदलतं. पण आत जे वाटत नाही ते वाटायला लावायचं औषध माझ्याकडे नाही. असतं तर लपवलं असतं का मी?"

लांगीला त्या वेळी राग आला. शहरातली बाई, दोन पाव खाऊन माझ्या भावाला निर्दय ठरवून गेली, असं ती घरी येऊन पुटपुटली. पण ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही.

आमच्याकडे कुणी कुणाला गंभीर इजा केली तर अपराध्याचं घराणं दुसऱ्याच्या अंगणात इफोंगा घालतं. सूर्य उगवायच्या आधी जायचं, बरोबर जळण आणि भट्टीचे दगड न्यायचे, म्हणजे वाटलं तर आम्हाला भाजून खा, असा त्याचा अर्थ. मग घराण्याच्या प्रमुखानं जमिनीवर बसायचं आणि अंगावर बारीक विणीची चटई ओढून घ्यायची. समोरच्यांनी चटई उचलली तर क्षमा. कोयता चालवला तर तो त्यांचा हक्क. पोलीस, कोर्ट हे सगळं नंतर येतं, आणि क्षमा झाली असली की न्यायाधीशही शिक्षा हलकी करतात.

मोनीपायी तुसांगाकाका असे दोनदा बसले होते. एकदा त्यानं एकाची होडी आणि होडीबरोबर त्याचा हातही जाळला म्हणून, एकदा चुलतभावाला भोसकलं म्हणून. दोन्ही वेळा काकांनी चटईखालून भारदस्त आवाजात सांगितलं की मुलाचं काळीज पश्चात्तापानं फाटलंय. दोन्ही वेळा चटई उचलली गेली, दोन्ही घराणी गळ्यात पडून रडली. कोर्टानं मोनीला लवकर सोडलं. क्षमेनंतरच्या जेवणावळीतलं डुक्कर मोनीनं दोन्ही वेळा बोटं चाटत खाल्लं. गावाला वाटलं, झालं, झाकलं गेलं. चटईखाली काकांची लाज होती, आणि ती मोनीची आहे असं सगळ्यांनी धरून चाललं. आमची चूक म्हणाल तर हीच.

तिसऱ्यांदा सेमिसी सापडला. सेमिसी गावाची बस चालवायचा, वाटेत कुणीही हात केला की थांबायचा, म्हाताऱ्यांच्या टोपल्या उतरवून द्यायचा. मोनीनं हात केला तेव्हा त्यानं बस थांबवली नाही, कारण मोनीचे डोळे बघून मागच्या बायका घाबरल्या होत्या. एवढंच कारण. दुपारी सेमिसी चाक बदलत खाली वाकला असताना मोनीनं त्याच्या डोक्यात दगड घातला. जीव वाचला, डावा डोळा गेला.

सेमिसीचे दोघे थोरले भाऊ त्यानंतर शेतावर गेले नाहीत. घरापुढे बसून कोयत्यांना धार लावत राहिले, आणि त्यांना थांबा म्हणायला कुणीही गेलं नाही. आता मोनी मरणार, मग मोनीचे चुलतभाऊ त्यांना मारणार, मग गाव दोन भागांत फाटणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पोलिसांची जीप दुसऱ्या दिवसाशिवाय येणार नव्हती.

लांगी काकांकडे गेली. काका आवाच्या मुळ्यांचं पेय ढवळत बसले होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "लांगी, दोनदा ह्याच तोंडानं खोटं बोललो. तिसऱ्यांदा हे तोंड उघडणार नाही."

"काका, आपण नाही गेलात तर रक्त सांडेल."

"मला माहीत आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा हात भांड्यात तसाच थांबला. कधी नव्हे ते म्हातारे वाटले ते तिला.

घरी मोनी गाढ झोपला होता. लांगीनं गादीखालून चटई काढली. विणून झाली होती, फक्त एका बाजूची किनार आणि लाल पिसं राहिली होती. उजाडायच्या आधी तिनं मोनीला उठवलं आणि म्हणाली, "चल. जळण उचल."

आमच्याकडे बहिणीचा मान काय असतो हे गावात वेगळं सांगावं लागत नाही. भाऊ तिच्यासमोर शिवी देत नाही, तिच्या चटईवर बसत नाही, जेवताना पहिला घास तिचा. बहिणीनं भावाच्या अपराधासाठी दुसऱ्याच्या अंगणात धुळीत बसावं, असं कुणी पाहिलं नव्हतं. ती रस्त्यानं निघाली, हातात भट्टीचे दगड, काखेत चटई, मागे मोळी घेतलेला मोनी. वाटेतल्या उघड्या घरांतून माणसं एकामागून एक उठून बसली. कुणी हाक मारली नाही. त्या सकाळी जे रस्त्याकडेला होते ते अजूनही ती गोष्ट आवाज खाली आणून सांगतात.

सेमिसीच्या अंगणात तिनं दगड ठेवले, मोळी ठेवायला लावली आणि मोनीला शेजारी बसवून दोघांवर चटई ओढली.

आत केवड्याचा वास होता, भिजवलेल्या पानांचा, तिच्या स्वतःच्या हातांचा. हळूहळू विणीतून उजेड झिरपायला लागला. मोनी मोठा झाल्यापासून तिनं त्याचा चेहरा इतक्या जवळून पाहिलाच नव्हता, रीतच नव्हती तशी. किती देखणा होता तो. कपाळावर घाम नाही, ओठ कोरडे नाहीत. तो एक काडी चघळत होता.

"ताई," तो कुजबुजला, "अजून किती वेळ? पाय आखडले."

बाहेर कोयता दगडावर घासल्याचा आवाज येत होता. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की आपल्या छातीवर चटई हलतेय असं तिला वाटलं. कोयत्याचा आवाज त्यालाही येत होता. घाबरत मात्र नव्हता. जीव मुठीत धरून मरणाला सामोरं जाणारी ती, आणि शेजारी बसची वाट बघत बसल्यासारखा तो.

मग घराच्या पायरीवरून कुणीतरी खाली उतरलं. पावलं जवळ आली. आणि लांगीनं ते पाहिलं. मोनीनं काडी बाजूला टाकली, डोळे एकदा घट्ट मिटले, श्वास दोन-तीनदा छातीत अडवला, खालचा ओठ थरथरवला. बघता बघता त्याच्या गालांवरून खरंखुरं पाणी ओघळायला लागलं. कोंबड्यांच्या वेळी ती खांबाशी लांब उभी होती. आता ते तिच्यापासून वीतभर अंतरावर घडत होतं. तिला किळस आली नाही. तिला भयंकर आश्चर्य वाटलं, असंही माणूस असू शकतं आणि ते आपण आपल्या हातांनी वाढवलंय, याचं.

चटई उचलली गेली. उचलली होती वाएलुआनं, सेमिसीच्या आईनं. रात्रभर जागून तिचे डोळे सुजले होते. मागे दोघे मुलगे कोयते घेऊन उभे. तिनं मोनीच्या तोंडाकडे पाहिलं, त्या आसवांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा सैल पडायला लागला. रडणाऱ्यावर कोयता कोण चालवणार? झालंच होतं सगळं. लांगीनं फक्त गप्प राहायचं होतं. भाऊ वाचला असता, लवकर सुटला असता, आणि ती किनार पुरी करून एक दिवस चटई उलगडता आली असती.

"वाएलुआताई," लांगी म्हणाली, "ह्या आसवांकडे बघू नका. ती खोटी आहेत."

थोरला मुलगा एक पाऊल पुढे आला. लांगी बोलतच राहिली.

"ह्याला लाज वाटत नाही. दुःखही वाटत नाही. लहानपणापासून वाटलेलं नाही, दारूच्या आधीपासून. मला ठाऊक होतं, मी बोलले नाही. लाज आहे ती माझी आहे, ती मी घेऊन आलेय. क्षमा मी आमच्या घराण्यासाठी मागते. ह्याला करू नका. आम्ही दोनदा तुमच्यासारख्यांकडून ह्याच्यासाठी क्षमा नेली आणि त्यानं तुमच्या मुलाचा डोळा काढला. ह्याला जीपमध्ये जाऊ द्या. ही चटई ह्याच्या बाजूनं धरू नका, असं मी स्वतः न्यायाधीशांना सांगेन. फक्त ह्याला मारू नका. माझा एकच भाऊ आहे."

मोनीची आसवं थांबली. नळ बंद करावा तशी थांबली, आणि त्यानं बहिणीकडे नुसतं कुतूहलानं पाहिलं. ते अख्ख्या अंगणानं बघितलं. कोयते घेतलेल्या त्या दोन दांडग्या मुलांनीही. राग यायला समोर आपल्यासारखं माणूस लागतं. तसं काही त्या चेहऱ्यात दिसेना, तेव्हा दोघांतल्या धाकट्याच्या हातातला कोयता हळूहळू खाली आला. थोरला भिंत नसलेल्या घराच्या खांबाला टेकला आणि त्याला हुंदका फुटला.

वाएलुआनं चटई घडी करून स्वतःच्या काखेत घेतली. मग वाकून तिनं लांगीला दंडाला धरून उठवलं. "तू आत ये," ती म्हणाली. "तो बाहेर बसू दे."

जीप येईपर्यंत मोनी अंगणात मोळीशेजारी बसून होता. त्याला कुणी हात लावला नाही.

न्यायाधीशांनी लांगीला दोनदा विचारलं की तिला नक्की हेच म्हणायचं आहे का. तिनं दोन्ही वेळा हो म्हटलं. गावात यावर दोन तट पडले, भावाला तुरुंगात घालणारी बहीण म्हणून काही जणींनी तिच्याशेजारी विणायला बसणं सोडलं. तुसांगाकाका मात्र त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांदेखत तिच्या मागच्या रांगेत बसले. घराण्याचा प्रमुख एका विधवेच्या मागे बसला, यावर पाद्रीसाहेब प्रवचनात अडखळले.

मोनीला मोठी शिक्षा झाली. तुरुंगात नशा सुटताना तो भिंतीवर डोकं आपटायचा, पुढे निवळला. नर्स मातालेना तिथेही जायची. लाज वाटून घे असं ती त्याला कधीच सांगत नसे. अमुक केलंस तर अमुक मिळेल, तमुक केलंस तर बंद, एवढंच साधं आणि न बदलणारं. त्याला ते समजायचं. तो भाजीच्या वाफ्यांवर काम करायला लागला, त्याच्या हातून कुणाला इजा झाली नाही. मातालेना म्हणायची, "फुशारकी मारायची नाही ताई. आजचा दिवस गेला, एवढंच."

लांगी बसनं आणि मग बोटीनं त्याला भेटायला जायची. बस आता सेमिसीचा थोरला भाऊ चालवायचा आणि सेमिसी दाराशी बसून टोपल्या घ्यायचा. पहिल्या खेपेला लांगी रस्त्यावर उभी राहिली, हात करायचा धीर झाला नाही. बस आपणहून थांबली. सेमिसीनं तिची टोपली वर घेतली. त्यानंतर ती कायम थांबायची. परत आल्यावर लांगी आधी वाएलुआकडे जायची, आणि वाएलुआ विचारायची, "काय म्हणाला?" बरा आहे, वाफ्यात तारोचे कंद लावलेत, असं काहीबाही लांगी सांगायची.

अशाच एका भेटीत तिनं इतके दिवस गिळलेला प्रश्न विचारला. त्या दिवशी चटईखाली मी तुझ्या शेजारी मरायला बसले होते मोनी, तुला काय वाटलं?

मोनीनं सवयीनं तिचं तोंड निरखलं. कुठला चेहरा लावायचा ते तो शोधतोय हे तिला दिसलं. डोळे ओले व्हायला लागलेही. मग काय झालं कोण जाणे, त्यानं ते सोडून दिलं. चेहरा मोकळाच राहिला, काहीच नसलेला.

"काही नाही, ताई," तो म्हणाला. "तू थरथरत होतीस ते दिसत होतं. इथे काहीतरी वाटायला पाहिजे, हेही कळत होतं. मी वाट बघितली. आलंच नाही काही."

त्याच क्षणी लांगीच्या ध्यानात आलं की जन्मापासून आजवर त्यानं तिला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट आहे. चेहरा लावण्यात त्याचा फायदाच होता, आणि तो त्यानं लावला नव्हता. तिनं आणलेली तारोची पानं, नारळाच्या दुधात शिजवलेली, त्याच्यासमोर उघडून ठेवली. "खा," ती म्हणाली. "मला नेहमी असंच सांगत जा."

त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "सांगितलं तर तू येत राहशील?"

"येईन."

"मग सांगीन," तो म्हणाला आणि खायला लागला.

परतल्यावर वाएलुआनं नेहमीचं विचारलं. लांगीनं या वेळी तारोचं काही सांगितलं नाही. भावाचे शब्द जसेच्या तसे सांगितले, एकही गाळला नाही. ते सांगताना ती ज्या बाईसमोर बसली होती, त्या बाईच्या मुलाचा डोळा त्याच भावानं घेतला होता. वाएलुआ उठली, आत गेली आणि गादीखालून ती चटई काढून आणली. इतकी वर्षं तिनं ती तशीच ठेवली होती, दिली नव्हती, विकली नव्हती.

"ही बाजू राहिलीये," ती म्हणाली.

"आता कुणासाठी पुरी करायची?" लांगीनं विचारलं.

"ते नंतर बघू. अशी अर्धवट बघवत नाही मला." वाएलुआनं मोकळं टोक लांगीच्या मांडीवर टाकलं आणि दुसरं स्वतःकडे ओढलं. दोघींनी नखांनी पट्ट्या चिरायला घेतल्या.